हवामान बदलाचे छायाचित्रण: विषय निवडण्यापासून फोटो योग्य हातांत पडेपर्यंत

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉवेल नावाचे शहर आहे. तिथल्या दफनभूमीत ३० मे १८६८ रोजी काढलेल्या एका फोटोत मागची झाडे जवळपास निष्पर्ण दिसतात. त्याच जागेवरून, त्याच तारखेला, २००५ साली काढलेल्या फोटोत ती जागा पालवीने गच्च भरलेली आहे. वसंत ऋतू किती अलीकडे सरकला हे शोधताना रिचर्ड प्रायमॅक, अब्राहम मिलर-रशिंग हे जीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तारीखवार जुन्या फोटोंचा आधार घेतला. एका जोडीवर ते विसंबले नाहीत. अनेक फोटो, जतन केलेले वनस्पतींचे नमुने आणि तापमानाच्या नोंदी त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिल्या.

१८६८ मधल्या त्या छायाचित्रकाराला हवामान बदल हा शब्दही ठाऊक नसणार. त्याचा फोटो कलाकृती म्हणून काही खास नाही. तरीही तो आज उपयोगी पडला, कारण तो कुठे आणि कोणत्या दिवशी काढला हे नक्की सांगता येते. या विषयावर काम करू पाहणाऱ्या बहुतेकांचे लक्ष प्रकाश, रचना, भावना यांवर असते आणि वही घरी राहते. माझा सगळा भर उलट बाजूने आहे. आधी नोंद, मग सौंदर्य.

अडचण नेमकी कुठे आहे

हवामान शास्त्रज्ञ ‘हवामान’ म्हणतात ते साधारण तीस वर्षांच्या सरासरीला. कॅमेरा टिपतो सेकंदाचा अडीचशेवा भाग. त्यात मुख्य आरोपी अदृश्य. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता तो ४२० च्या वर गेला आहे. पण आकाशाच्या फोटोत हा फरक शोधून सापडणार नाही. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळापेक्षा सुमारे १.१ अंश सेल्सिअसने जास्त होते. तेही चौकटीत येत नाही.

फोटोत येऊ शकतात त्या तीन गोष्टी: परिणाम, कारणे आणि माणसांनी त्यावर शोधलेले मार्ग. काळ दाखवायचा तर तो तुम्हालाच आणावा लागतो. पुन्हापुन्हा त्याच जागी जाऊन, जुने फोटो शोधून, किंवा फोटोखाली नीट लिहून. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका कामासाठी आहेत.

पायरी १: विषय लहान घ्या, मुदत लांब घ्या

‘हवामान बदल’ हा फोटोचा विषय होऊ शकत नाही. एक आटत चाललेला झरा होऊ शकतो. दर भरतीला आत सरकणारा किनाऱ्याचा एक तुकडा, उन्हाळ्यातला रुग्णालयाचा एक कक्ष, एका हिमनदीचे टोक, उन्हात काम करणाऱ्या बांधकाम मजुरांची एक टोळी, हे विषय होऊ शकतात. एक वाक्य लिहून पाहा: काय बदलते आहे, कुणासाठी, आणि कधीपासून. वाक्य जमत नसेल तर कॅमेरा बाहेर काढायची घाई करू नका.

वाक्य जमले की त्या ठिकाणाची मोजमापे कुणाकडे आहेत ते शोधा. पर्जन्यमापक, नदीची पातळी, भरतीच्या नोंदी, मासेमारीच्या वह्या, शेतकऱ्याने स्वतः लिहून ठेवलेल्या पेरणीच्या तारखा, काहीही चालेल. ज्या जागेची एकही जुनी नोंद नाही आणि एकही जुना फोटो नाही, तिथे तुम्ही फक्त सुरुवात करू शकता, तुलना नाही. तेही मोलाचे आहे, पण तसे स्पष्ट सांगायला हवे.

ठिकाण निवडताना एक अट मी सोडत नाही: तिथे वारंवार जाता आले पाहिजे. सगळे ऋतू बघितल्याशिवाय कोणती गोष्ट नेहमीची आणि कोणती नवी हे कळत नाही. एका भेटीत कोरडे पात्र पाहून हळहळणारा पाहुणा आणि ते पात्र दर वर्षी याच महिन्यात कोरडे असते हे जाणणारा माणूस, यांचे फोटो वेगळे निघतात. दूरच्या हिमप्रदेशाचे आकर्षण समजण्यासारखे आहे, पण एकुलत्या सफरीतून बहुधा सुंदर बर्फाचे फोटो हाती लागतात, आणि ते जगात पुरेसे आहेत.

पायरी २: कॅमेऱ्याआधी शास्त्रज्ञाला भेटा

ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते आणि नंतर तीच महागात पडते.

२०१७ साली कॅनडाच्या सॉमरसेट बेटावर हाडाची काडे झालेल्या एका ध्रुवीय अस्वलाचे चित्रण पॉल निकलेन आणि क्रिस्टिना मिटरमायर यांच्या चमूने केले. नॅशनल जिओग्राफिकने ते ‘हवामान बदल असा दिसतो’ अशा अर्थाच्या ओळीसह प्रसिद्ध केले आणि ते जगभर पोहोचले. पुढच्या वर्षी याच मासिकाला कबूल करावे लागले, की त्या एका अस्वलाच्या उपासमारीचा संबंध हवामान बदलाशी इतक्या ठामपणे जोडणे योग्य नव्हते. अस्वल आजारी असू शकत होते, म्हातारे किंवा जखमीही. समुद्रावरचा बर्फ घटतो आहे आणि अस्वलांना त्याचा फटका बसतो हे खरे. या एका जनावराला काय झाले होते ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हते. एका ओळीमुळे हवामान बदल नाकारणाऱ्यांच्या हाती आयते हत्यार गेले.

अरल समुद्राचेही तसेच. वाळूत रुतलेल्या गंजक्या बोटींचे फोटो हवामान बदलाच्या लेखांसोबत सर्रास छापतात. प्रत्यक्षात तो समुद्र आटला तो १९६० च्या दशकापासून अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी सिंचनासाठी वळवल्यामुळे. माणसानेच घडवलेली आपत्ती, पण कारण वेगळे.

म्हणून आपल्या घटनेबद्दल कितपत बोलता येईल याचा अंदाज आधीच घ्या. ढोबळ मानाने परिस्थिती अशी आहे. उष्णतेच्या लाटांबाबत विज्ञान सर्वांत ठाम आहे. जून २०२१ च्या शेवटी कॅनडातल्या लिटन गावात ४९.६ अंश तापमान नोंदले गेले आणि दुसऱ्याच दिवशी आगीत गावाचा बहुतेक भाग जळाला. वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन या गटाच्या शास्त्रज्ञांनी त्या लाटेबद्दल सांगितले, की मानवनिर्मित तापमानवाढीशिवाय ती जवळजवळ अशक्यच होती. अतिवृष्टीबाबत मूळ तत्त्व पक्के आहे: हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. मात्र पाऊस आणि पूर यांच्यामध्ये बुजलेले नाले, नदीपात्रातली बांधकामे, धरणातून सोडलेले पाणी हे सगळे येते. दुष्काळ प्रदेशाप्रदेशानुसार बदलतो. वणव्यात ठिणगी बहुधा माणसाची किंवा विजेची असते. हवामान ठरवते ते जंगल किती वाळलेले आहे आणि आग किती वेगाने पसरेल ते. गारपीट आणि चक्री वावटळी यांबाबत अजून जपून बोलावे लागते.

जवळच्या विद्यापीठातल्या किंवा वेधशाळेतल्या एका अभ्यासकाला गाठा आणि तीनच प्रश्न विचारा. इथे काय बदलले आहे हे मोजले गेले आहे का? त्यात तापमानवाढीचा वाटा किती खात्रीने सांगता येतो? आणि आणखी कोणती कारणे आहेत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा तुमच्या प्रकल्पाला जास्त समृद्ध करते, कारण त्यातच निर्णय घेणारी, चुका करणारी माणसे सापडतात.

पायरी ३: काय टिपायचे याची यादी

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन या गरीब शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी संस्थेसाठी रॉय स्ट्रायकर छायाचित्रकारांना मोहिमेवर धाडण्यापूर्वी विषयांची लेखी यादी देत. त्या भागाच्या शेतीबद्दल, अर्थकारणाबद्दल वाचून जायला सांगत. धुळीच्या वादळांचे आणि स्थलांतराचे ते दस्तऐवज आजही टिकून आहेत, त्यात त्या तयारीचा वाटा मोठा आहे.

तुमच्या यादीत तीन खण ठेवा.

परिणामांचा खण लवकर भरतो. मोठे दृश्य तर घ्याच, पण खुणाही टिपा: भिंतीवरची पुराची रेषा, खारावलेल्या पाण्याने पिवळी पडलेली पाने, घराच्या जोत्याला दर वर्षी चढत गेलेला दगडांचा थर. भिंतीवर अशा तीन वेगवेगळ्या वर्षांच्या रेषा असतील तर त्या एका चौकटीत काळ आपोआप येतो.

उष्णता टिपणे अवघड. ती दिसत नाही आणि संपादकांना समुद्रकिनारे आवडतात. एक्सिटर विद्यापीठाच्या सॅफ्रन ओनील आणि सहकाऱ्यांनी २०१९ च्या उष्णतेच्या लाटेच्या वेळी ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या बातम्यांसोबतचे फोटो तपासले. मजकूर धोक्याबद्दल होता, तरी कितीतरी फोटोंत लोक पाण्यात मजा करताना दिसत होते. उन्हाने माणूस मरतो तो बंद खोलीत, एकटा, वयस्क असताना किंवा उघड्यावर राबताना. तेव्हा कामाच्या बदललेल्या वेळा टिपा. पहाटे चार वाजता सुरू झालेले बांधकाम, दुपारी ओस पडलेला चौक, पत्र्याच्या खोलीत ओले फडके डोक्यावर घेतलेली आजी, रुग्णवाहिकेतले बर्फाचे पाणी. थर्मल कॅमेरा, म्हणजे उष्णता रंगांत दाखवणारा कॅमेरा, वापरलात तर रंगांशेजारी अंशांची पट्टी छापलीच पाहिजे, कारण ते रंग यंत्राने बहाल केलेले असतात आणि पट्टी थोडी हलवली तर कुठलीही भिंत लालभडक दिसू शकते.

कारणांचा खण बहुतेकांच्या संग्रहात रिकामा असतो. खाणी, वीजकेंद्रे, तेलाचे साठे, महामार्ग, तोडलेली जंगले, जनावरांचे प्रचंड गोठे. एका चिमणीच्या फोटोने काही होत नाही; आवाका दिसला पाहिजे. एडवर्ड बर्टिन्स्की यांनी उंचावरून टिपलेल्या खाणी आणि तेलक्षेत्रे यासाठी जरूर पाहा. एक सावधगिरी: वीजकेंद्रातल्या शीतमनोऱ्यातून (पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यातून) निघणारा पांढरा ढग ही पाण्याची वाफ असते, तिला धूर म्हणू नका. उलट मिथेनसारखा घातक वायू साध्या कॅमेऱ्याला दिसतच नाही, त्यासाठी विशिष्ट अवरक्त (इन्फ्रारेड) कॅमेरे लागतात.

तिसरा खण मार्गांचा. इथे झाडाचे रोप हातात धरून हसणारे मान्यवर टाळा. काम चाललेले दाखवा: बांध घालणारे हात, छतावर चढलेला तंत्रज्ञ, इशारा मिळाल्यावर तासाभरात रिकामी झालेली वस्ती, फसलेला प्रयोगसुद्धा. हवामान बदलाच्या फोटोंवर काम करणाऱ्या क्लायमेट व्हिज्युअल्स या प्रकल्पाने २०१६ मध्ये ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिकेतल्या लोकांना फोटो दाखवून विचारले, तेव्हा जुळवून आणलेले प्रसंग लोकांना खोटे वाटले आणि खऱ्या माणसांचे, खऱ्या कामातले फोटो भावले. त्याआधी, २००९ साली, ओनील आणि सोफी निकल्सन-कोल यांच्या अभ्यासात दिसले होते, की भीतीदायक चित्रे लक्ष वेधतात, पण ‘माझ्या हातात काही नाही’ ही भावनाही वाढवतात. याचा अर्थ संकट सौम्य करून दाखवा असा नाही. संकटाच्या फोटोपाशी माणसाला करता येण्याजोगे काहीतरी असू द्या, एवढेच.

पायरी ४: साधने

यावर फार बोलण्यासारखे नाही. हाताशी असलेला कॅमेरा किंवा चांगला फोन पुरेसा आहे. झूम नसलेली एक लेन्स, ट्रायपॉड, जादा बॅटऱ्या, पाण्यापासून बचावाची पिशवी, वही. कॅमेऱ्याचे घड्याळ दर वेळी जुळवून घ्या. चुकीची वेळ नोंदवलेला फोटो तुलनेतून बाद होतो. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, जपा, कारण पुढे कुणी शंका घेतली तर तीच दाखवावी लागते. ड्रोन उडवण्यापूर्वी त्या देशाचे नियम आणि खालच्या लोकांची संमती, दोन्ही पाहा.

जिवाची काळजी मात्र लिहायलाच हवी. वेगाने वाहणारे जेमतेम १५ सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाचे पाय उखडू शकते आणि ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटार ढकलू शकते. पुराच्या पाण्यात सांडपाणी आणि विजेच्या तारा असतात. वणव्यात परतीची वाट आधी ठरवल्याशिवाय आत जाऊ नका, आणि बचाव पथकाच्या वाटेत उभे राहू नका.

पायरी ५: त्याच जागेवरून पुन्हा

या विषयात सर्वांत जास्त फळ देणारे तंत्र हेच. १८८० च्या दशकाच्या अखेरीस सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर यांनी आल्प्स पर्वतातल्या टिरोल प्रदेशातल्या हिमनद्या मोजण्यासाठी फोटो वापरायला सुरुवात केली. १९७७ पासून मार्क क्लेट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागातले एकोणिसाव्या शतकातले फोटो पुन्हा काढून या तंत्राला शिस्त लावली. अलास्कातल्या म्युअर हिमनदीचा ऑगस्ट १९४१ मधला विल्यम फील्ड यांचा फोटो आणि ऑगस्ट २००४ मधला ब्रूस मोल्निया यांचा फोटो शेजारी ठेवले, की भाषण लागत नाही: हिमनदी १२ किलोमीटरहून जास्त मागे गेली, जाडी ८०० मीटरहून अधिक घटली आणि बर्फाच्या जागी पाणी आले. दोन्ही फोटो ऑगस्टमधले आहेत हे विसरू नका. एक हिवाळ्यात आणि एक उन्हाळ्यात काढला असता तर ती तुलना कवडीमोल ठरली असती.

जुने फोटो संग्रहालयांत, वृत्तपत्रांच्या दफ्तरांत, सर्वेक्षण खात्यांत आणि घराघरांतल्या अल्बममध्ये मिळतात. लग्नाच्या फोटोमागे नदी असते, शाळेच्या समूहचित्रामागे डोंगर. ज्यांच्याकडून फोटो घेता त्यांच्याकडून तारीख काढून घ्या, निदान वर्ष आणि ऋतू तरी.

मग नेमकी जागा शोधायची. जीपीएस तुम्हाला काही मीटरपर्यंत नेतो, पुढचे काम डोळ्यांचे. जुन्या फोटोत एक जवळची आणि एक लांबची, न हललेली वस्तू हेरा. समजा, एक मोठा खडक आणि मागच्या डोंगराची कड. तुम्ही उजवीकडे सरकलात की जवळची वस्तू लांबच्या वस्तूच्या मानाने डावीकडे सरकते. म्हणून आत्ता खडक जुन्या फोटोपेक्षा जास्त उजवीकडे दिसत असेल, तर तुम्हीही उजवीकडे सरका. खडकाचे टोक मागच्या कडेच्या मानाने जास्त वर आलेले दिसत असेल, तर कॅमेरा उंच करा. पुढे-मागे होण्यासाठी दोन्ही वस्तूंच्या आकाराचे प्रमाण पाहा: पुढे गेलात की जवळची वस्तू झपाट्याने मोठी होते, लांबची जवळपास तेवढीच राहते. दृश्यातल्या वस्तूंचे एकमेकांशी नाते फक्त कॅमेऱ्याच्या जागेवरून ठरते, लेन्स ठरवते ती चौकट. तेव्हा जागा आधी, लेन्स नंतर. चौकट थोडी मोकळी ठेवा आणि कडा मागाहून छाटा. फोनच्या पडद्यावर जुना फोटो अर्धपारदर्शक करून कॅमेऱ्याच्या दृश्यावर ठेवणारी अॅप्स मिळतात, ती फार कामाची आहेत.

सावल्या जुळल्या तर तारीख आणि तास जुळतो. हिमनदी असेल तर वितळण्याच्या हंगामाच्या शेवटी, नवा बर्फ पडण्यापूर्वी जा. किनारा असेल तर भरती-ओहोटीची तीच अवस्था गाठा. तलाव किंवा धरण असेल तर तीच तारीख पुरेशी नाही. त्या वर्षी पाऊस किती झाला आणि पाणी किती उपसले तेही लिहा.

काम झाले की पुढच्या माणसासाठी नोंद करा: ट्रायपॉडच्या पायांचा फोटो, लेन्सची जमिनीपासून उंची, दिशेचे अंश, लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा (फोकल लेंग्थ), वेळ, पाण्याची पातळी. तो पुढचा माणूस वीस वर्षांनी येणारे तुम्ही स्वतःच असाल.

दोन फोटो म्हणजे दोनच बिंदू. मधल्या वर्षांत काय झाले ते त्यांतून कळत नाही, म्हणून जोडीसोबत मोजमापांचा आलेख द्या किंवा तिसरा, चौथा फोटो मिळवा. जेम्स बॅलॉग यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या एक्स्ट्रीम आइस सर्व्हेमध्ये याच कारणासाठी हिमनद्यांसमोर कॅमेरे कायमचे रोवले आणि ते दिवसाउजेडी ठरावीक अंतराने फोटो घेत राहिले. तितका खर्च झेपणार नसेल तर ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये सुरू झालेल्या कोस्टस्नॅपची पद्धत पाहा: किनाऱ्यावर फोन ठेवण्याचा एक पक्का कठडा बसवतात, येणारा-जाणारा त्यावर फोन ठेवून फोटो काढून पाठवतो आणि त्या फोटोंवरून किनारारेषा मोजली जाते. एका माणसाने शंभर फेऱ्या मारण्यापेक्षा हे सोपे, आणि जागृतीचे म्हणाल तर फोटो पाठवणारा प्रत्येक जण तो किनारा निरखून पाहायला लागतो.

पायरी ६: माणसांसमोर कॅमेरा धरताना

१९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात एका स्थलांतरित आईचा फोटो काढला. तो त्या काळाचा चेहरा बनला, पण लँग यांनी त्या बाईंचे नावही नोंदवले नव्हते. त्या फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन आहेत हे १९७८ मध्ये लोकांना कळले, तेव्हा त्यांनी त्या फोटोबद्दल नाराजीच व्यक्त केली. जगाने ज्यांच्याबद्दल करुणा बाळगली त्यांना त्यातून काही मिळाले नाही.

म्हणून नाव विचारा, आणि नाव छापायचे का हेही विचारा. फोटो कुठे दिसेल ते साध्या शब्दांत सांगा: पुस्तक, प्रदर्शन, इंटरनेट, कदाचित कायमचे. संकटाच्या पहिल्या तासात मिळालेला होकार कच्चा समजा आणि काही दिवसांनी पुन्हा विचारा. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आणि मुलाची इच्छा, दोन्ही हवीत. छापील प्रत परत नेऊन द्या. कुणाकडे कागदपत्रे नसतील, जमिनीचा वाद चालू असेल, तर चेहरा आणि ठिकाण उघड केल्याने त्यांना काय त्रास होईल याचा विचार तुम्ही करायचा, त्यांनी नव्हे.

गिडियन मेंडेल २००७ पासून ‘ड्राउनिंग वर्ल्ड’ या मालिकेत पुरात सापडलेल्या लोकांची व्यक्तिचित्रे काढत आहेत. माणसे आपल्याच बुडालेल्या घरात किंवा दारात, कमरेइतक्या पाण्यात उभी राहून थेट कॅमेऱ्यात पाहतात. देश वेगळे, ऐपत वेगळी, नजर मात्र सरळ. बिचारेपणा नाही, आणि पाहणाऱ्याला नजर चुकवताही येत नाही. पाठमोरी, ओंजळ पसरलेली, रडणारी माणसे टिपणे सोपे असते. त्याच माणसाला निर्णय घेताना, भांडताना, हिशेब करताना टिपायला थांबावे लागते.

पायरी ७: फोटोओळ

माझ्या मते अर्धे काम इथे होते. फोटोओळीत पाच गोष्टी हव्यात: कोण, काय करते आहे, कुठे, कोणत्या तारखेला, आणि हवामानाशी संबंध किती व कुणाच्या सांगण्यावरून.

वाईट नमुना: ‘हवामान बदलाने गिळलेले गाव.’

बरा नमुना: ‘पूर ओसरल्यानंतर तिसऱ्या दिवशी एक शिक्षिका वर्गातली ओली पुस्तके गच्चीवर वाळवताना. भिंतीवरची खालची रेषा मागच्या पुराची, वरची या वर्षीची. तापमानवाढीमुळे या प्रदेशातल्या अतिवृष्टीची तीव्रता वाढल्याचे नोंदींवरून दिसते. शाळेमागचा नाला बुजवल्यानेही पाणी तुंबले, असे रहिवासी सांगतात.’

दुसरी ओळ लांब आहे, तिच्यात घोषणा नाही, आणि म्हणूनच ती खोडून काढता येत नाही. ‘मुळे झाले’ ऐवजी ‘शक्यता वाढली’, ‘तीव्रता वाढली’ असे लिहायची सवय लावा. प्रवाळाबाबत लिहिताना पांढरे पडणे आणि मरणे यांत फरक करा. पाणी वेळेत थंड झाले तर पांढरे प्रवाळ सावरू शकते. ही माहिती फाइलच्या मेटाडेटातही, म्हणजे फाइलच्या आत साठणाऱ्या नोंदीतही, भरा, कारण इंटरनेटवर फोटो ओळीपासून सुटतो तो पहिल्याच दिवशी. पुढच्या आपत्तीत तुमचाच जुना फोटो भलत्या गावाच्या नावाने फिरू शकतो.

पायरी ८: हात कुठवर लावायचा

१९३६ मध्येच स्ट्रायकर यांच्या सरकारी मोहिमेतल्या आर्थर रॉथस्टाइन यांनी साउथ डकोटात भेगाळलेल्या जमिनीवर पडलेली गुराची कवटी थोडी सरकवून वेगवेगळ्या ठिकाणी टिपली. दुष्काळ खरा होता, कवटी खरी होती. तरीही सरकारच्या विरोधकांनी ‘फोटो बनावट’ अशी राळ उठवली आणि सगळी मोहीमच संशयात आणली. हवामानाच्या विषयात असे विरोधक आजही टपलेले असतात.

नियम सोपा ठेवा. उजेड, रंगसंतुलन, कडा छाटणे चालेल. वस्तू काढणे, घालणे, सरकवणे, आकाश बदलणे, ढग भयानक होईस्तोवर गडद करणे नाही. जोडीतल्या दोन्ही फोटोंवर सारखीच प्रक्रिया करा. जुना उबदार आणि नवा राखाडी केला तर ती तुलना राहिली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले चित्र माहितीपर संग्रहात घेऊच नका, ‘प्रतीकात्मक’ म्हणूनही नाही.

पायरी ९: निवड, क्रम, आणि कुणाला दाखवायचे

शेकडो फोटोंतून पंधरा-वीस ठेवा. प्रत्येकाला विचारा: हा काढला तर काय माहिती कमी होते? काहीच नाही, तर तो कितीही देखणा असला तरी जाऊ द्या. हा कठोरपणा स्वतःला जमत नसेल तर विषय ठाऊक नसलेल्या एका माणसाला बसवा आणि ओळी झाकून फोटो दाखवा. त्याला काय समजले ते ऐका, मध्ये बोलू नका. क्रमात परिणाम, कारण आणि मार्ग एकमेकांत मिसळा. सगळे संकट आधी आणि सगळी आशा शेवटी असा साचा लोक आता ओळखतात.

पहिले प्रदर्शन त्याच ठिकाणी भरवा, जिथले फोटो आहेत. शाळेची भिंत, बाजार, सभागृह, काहीही. लोक चुका दाखवतील, तारखा दुरुस्त करतील, आपल्या पेट्यांतून जुने फोटो काढून आणतील. त्यानंतरच ते शहरात, वृत्तपत्रांत, इंटरनेटवर न्या.

आणि जागृती म्हणजे किती जणांनी पाहिले ही मोजणी अपुरी आहे. कुणाला दाखवायचे याची नावानिशी यादी करा: नाला रुंद करायचा निर्णय कोणत्या समितीकडे आहे, उन्हातल्या कामाचे तास कोण ठरवते, किनाऱ्यावरच्या बांधकामाला परवानगी कोण देते. त्यांच्यासाठी भव्य प्रदर्शन नको. चार फोटो, एक आलेख, एक नकाशा आणि एक मागणी एवढ्या दोन पानांनी जास्त काम होते. दाखवल्यावर काय घडले ते लिहून ठेवा, उत्तर आले नाही हेसुद्धा. वर्षभराने तेच लोक, तीच जागा, नवा फोटो.

शेवटी जतन. मूळ फाइली, फोटोओळी, संमतीपत्रे आणि वहीची पाने एकत्र ठेवा. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत असू द्या, कारण पुरावर काम करणाऱ्यांच्या घरातही पाणी शिरते. एक संच स्थानिक ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाला द्या आणि तो कोणत्या अटींवर वापरता येईल ते लेखी नोंदवा. फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख आणि मग ठिकाण असू द्या.